मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचे उष्णता-संस्करण : पार्श्वभूमी

मिश्रधातू तापवायची, लगोलग थंड करायची आणि मग मंद आचेवर मुरू द्यायची, ही रीत मॅग्नेशियमकडे ॲल्युमिनियमच्या घरातून आली. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना असे आढळले की, तांबे आणि थोडे मॅग्नेशियम असलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवले आणि नुसते ठेवून दिले, तरी ते काही दिवस अधिकाधिक कठीण होत जाते. याचे कारण १९१९ मध्ये अमेरिकेत पॉल मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. चढत्या तापमानाला विरघळलेला घटक उतरत्या तापमानाला तेवढा मावत नाही, तो अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतो आणि हे कण स्फटिकातील थरांची घसरण अडवतात.

मॅग्नेशियम ही अट उत्तम रीतीने पुरी करते. ४३७ अंश सेल्सिअसला त्यात वजनाने सुमारे १२.७ टक्के ॲल्युमिनियम विरघळते. १०० अंशांजवळ हे प्रमाण दोन टक्क्यांच्या घरात येते. त्यामुळे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असलेल्या एझेड ९१ या मिश्रधातूकडून मोठी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तिचे वाळूच्या साच्यातले ओतकाम ४१३ अंशांच्या आसपास १६ ते २४ तास ठेवतात. तापमान घाईने चढवले तर धातूतल्या स्फटिकांच्या सीमांवरचा लवकर वितळणारा भाग आधीच पाघळतो, म्हणून शेवटचा टप्पा सावकाश चढवावा लागतो. धातू पेट घेऊ नये यासाठी भट्टीत सल्फर डायऑक्साइड सोडतात, किंवा पायराइट या गंधकयुक्त लोहखनिजाचे खडे मालाबरोबरच ठेवून तो वायू तिथेच तयार होऊ देतात. थंड करण्यासाठी बहुधा हवा पुरते. यानंतर १६८ अंशांवर सुमारे १६ तास मुरवणे होते.

एवढे करून मिळते काय? पहिल्या टप्प्यात, म्हणजे तापवण्यात, स्फटिकांच्या सीमांवरचे ॲल्युमिनियमयुक्त ठिसूळ जाळे विरघळल्यामुळे तुटेपर्यंतची लांबवाढ सुमारे अडीच टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि मुरवल्यावर ती सहाच्या आसपास उतरते. कायमचा आकारबदल सुरू होण्याचा ताण मात्र ओतकामातल्या सुमारे ९७ मेगापास्कलवरून जेमतेम १४५ वर पोहोचतो. ॲल्युमिनियममध्ये हाच ताण कित्येक पटींनी वाढतो.

या निराशेचे मूळ कणांच्या संख्येइतकेच त्यांच्या बैठकीत आहे, आणि या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा हाच आहे. मॅग्नेशियमचा स्फटिक षट्कोनी असून सामान्य तापमानाला त्याचे थर मुख्यतः तळाच्या प्रतलावरूनच घसरतात. एझेड ९१ मधल्या कणांच्या पट्ट्या नेमक्या त्याच प्रतलाला समांतर पसरतात. वाहत्या पाण्यात फळी आडवी धरण्याऐवजी प्रवाहाच्या दिशेने सोडावी, तसे ते होते. शिवाय काही भागांत ॲल्युमिनियम स्फटिकांच्या सीमेपासून आत सरकणाऱ्या जाड थरांच्या रूपाने बाहेर पडते. सूक्ष्मदर्शकाखाली हे भाग पोलादातल्या पर्लाइटसारखे पट्टेरी दिसतात, आणि बळकटीला त्यांचा फारसा उपयोग नसतो.

उत्तर विरळ मृदा धातूंकडून मिळाले. यट्रियम आणि निओडिमियम घातलेल्या मिश्रधातूंमध्ये पट्ट्या तळप्रतलाला काटकोनात उभ्या राहतात आणि घसरण खरोखर अडवतात. त्यांपैकी डब्ल्यूई ४३ ही मिश्रधातू ५२५ अंशांवर ८ तास तापवून २५० अंशांवर १६ तास मुरवतात, आणि एझेड ९१ जिथे दीडशे अंशांच्या आतच ताणाखाली हळूहळू सैल पडू लागते, तिथे ही हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सच्या आवरणातली उष्णता सोसते.