वाकड्या पात्याचा वस्तरा पाजवणे

लांबीत किंचित बाक आलेल्या, पिळलेल्या किंवा पाठ एकसारखी जाड नसलेल्या वस्तऱ्याला टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत अखंड धार आणण्याची रीत. अर्धे ब्लेड मोडून घालायचे उस्तरे सलूनांत रुळले, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातही दगडावर पाजवायचे जुने वस्तरे बहुतेक घरच्या पेटीत किंवा एखाद्या वडीलधाऱ्या नाभिकाच्या धोकटीत, कातर आणि नखे काढायच्या नराणीच्या शेजारी, पडून आहेत. जावळ, दाढी, दहाव्याचे क्षौर ही सगळी कामे एकेकाळी याच पात्याने होत. पाजवायच्या दगडाला इथला मराठी माणूस सहाण म्हणतो, शेजारचा कन्नड माणूस साणेकल्लु. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत ‘शाण’ हेच.

पात्याला बाक येतो तो बहुधा पाणी देताना. तापलेले पोलाद विझवताना दोन्ही अंगे एकाच वेगाने निवत नाहीत, आणि पाते केसभर एका बाजूला ओढले जाते. इंग्लंडच्या शेफील्डचा किंवा जर्मनीच्या झोलिंगेनचा शिक्का असलेले वस्तरेही याला अपवाद नाहीत. एकदा कडक झालेले पाते ठोकून सरळ करू नये. ते वाकत नाही, मोडते.

मात्र आधी पाते खरेच वाकडे आहे का, ते बघावे. शिंगाची मूठ वर्षानुवर्षांच्या ओल-उन्हाने वळते, मग मिटताना पाते एका बाजूला घासते आणि दोष उगाच पात्यावर येतो. पाते उघडून काचेच्या तुकड्यावर आडवे ठेवावे, पाठ आणि धार दोन्ही काचेला लागतील असे, आणि मागे दिवा धरावा. एका अंगाने मधोमध उजेडाची फट दिसली आणि उलटवल्यावर पाते मधल्या भागावर डुगडुगले, तर बाक खरा.

वस्तऱ्याचा कोन हाताने धरायचा नसतो, तो पाठ धरते. पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकलेली असतात. १६ मिमी रुंद आणि पाठीशी ४.५ मिमी जाड पाते घेतले, तर धारेचा कोन साधारण १६ अंश येतो. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर वायरिंगच्या चिकटपट्टीचा एक थर लावला, तर कोन सुमारे एका अंशाने वाढतो. म्हणून काम सुरू करताना थर लावला असेल, तर शेवटपर्यंत ठेवावा.

बाकदार पात्याचे दुखणे असे, की रुंद सपाट दगडावर खोलगट अंगाची फक्त टाच आणि टोक घासले जातात, तर फुगीर अंगाचा फक्त मधला भाग. नवशिका इथे जोर देतो. जोराने उरलेली धार दगडाला लागत नाही, लागलेली मात्र जास्त खाल्ली जाते. उपाय दगडाच्या रुंदीत आहे. बाकाची फट रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते : ७५ मिमी रुंदीच्या दगडावर ०.२ मिमी फट पडत असेल, तर २५ मिमी रुंदीच्या दगडावर ती नवव्या हिश्शावर, म्हणजे ०.०२ मिमीच्या आसपास येते. अरुंद दगड नसेल, तर रुंद दगडाची कड वापरावी. तिची धारदार कोर आधी घासून गोलसर करून घ्यावी.

हात तिरका चालवावा. टाच दगडावर ठेवून सुरुवात करायची आणि पाते पुढे नेतानेच बाजूला ओढत टोकाशी संपवायचे. फुगीर अंगाला याच चालीत मनगटाचा हलका झोल द्यायचा, म्हणजे भार टाचेकडून टोकाकडे सरकत जातो. प्रस्तुत लेखकाच्या आजोबांच्या वस्तऱ्यावर हे काम करताना धारेच्या उतारावर, म्हणजे धारेलगतच्या घासलेल्या पट्टीवर, काळ्या मार्करची शाई लावली होती. पाच-सहा हात फिरवल्यावर शाई मधून पुसली गेली, पण टाचेजवळ नखाएवढी काळी रेघ तशीच राहिली. झोल अलीकडे घेतल्यावर ती रेघ पुसट होत गेली. तीच रेघ सांगत होती की हात कुठे चुकतो आहे, आणि त्यानंतर अंदाजाने काम करण्याची गरजच उरली नाही.

अशा पात्याचा उतार एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद दिसतो. त्याची काळजी करू नये. तो एकसारखा दिसावा म्हणून घासत राहणे म्हणजे चांगले पोलाद वाया घालवणे. दोन्ही अंगांचे उतार पूर्ण लांबीभर एकमेकांना भेटले, की काम झाले. ही भेट १००० नंबरच्या दगडावरच व्हायला हवी. पुढचे ५००० आणि ८००० चे दगड फक्त ओरखडे बारीक करतात, राहून गेलेली टाच ते घडवत नाहीत. धार मधोमध आत गेली असेल, तर ती आधी दगडावर उभी घासून सरळ करावी लागते. तेवढा वेळ वस्तरा पूर्ण बोथट होतो.

गोकाकचा वालुकाश्म विळ्या-कोयत्याला चालेल, वस्तऱ्याला तो फार खरखरीत. जांभा सच्छिद्र, त्यामुळे त्याचा उपयोगच नाही. शिकलगाराच्या फिरत्या चाकावर वस्तरा कधीच देऊ नये. पातळ धार क्षणात तापते, निळसर झाक आली की तिथले पाणी उतरले, आणि तो भाग पुढे कितीही पाजवला तरी धार धरत नाही.

शेवटी चामड्याचा पट्टा ताणून धरून, पाठ पुढे ठेवून, तीस-चाळीस वेळा फिरवावे. इथेही तोच तिरका हात, कारण रुंद पट्ट्यावर खोलगट अंगाचा मधला भाग पुन्हा सुटतो. खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाळाभर हवा ओली असते. वापरून झाल्यावर पाते कोरडे पुसून खोबरेलचे बोट फिरवले नाही, तर गंज धारेपासूनच खायला लागतो.