'कार्डियाक एन्झाइम्स पाठवा': कॅज्युअल्टीतल्या एका सूचनेची पार्श्वभूमी

छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं, की पुण्यातल्या कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, अजूनही 'कार्डियाक एन्झाइम्स पाठवा' असंच म्हटलं जातं. प्रत्यक्षात रक्ताची नळी जाते ट्रोपोनिनसाठी, आणि ट्रोपोनिन एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, नाहीच. ते हृदयस्नायूच्या आकुंचनात भाग घेणारं प्रथिन आहे.

नाव मागे राहिलं ते १९५४ पासूनचं. कारमेन, व्रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी हार्ट अटॅकनंतर रक्तातलं एसजीओटी हे एन्झाइम वाढतं हे दाखवलं. पण ते यकृत बिघडलं तरी वाढतं. मग एलडीएच, सीपीके आणि सीपीकेचाच एक प्रकार असलेलं सीपीके-एमबी ही एन्झाइम्स आली. एमबी हृदयाचं मानलं गेलं, तरी थोडं हातापायांच्या स्नायूंतही असतं. आळंदीहून पालखीबरोबर चालत आलेला वारकरी किंवा गावच्या डॉक्टरांकडून कमरेत वेदनाशामक इंजेक्शन घेऊन आलेला रुग्ण, दोघांचंही सीपीके हृदय ठणठणीत असताना चढलेलं असू शकतं. शिवाय एमबी दोन-तीन दिवसांत उतरतं. उशिरा आलेल्याचा अटॅक निसटतो.

१९८९ मध्ये हायडेलबर्गच्या कॅटस यांच्या गटाने ट्रोपोनिन टी (हृदयासाठी मोजतात त्या टी आणि आय या दोन ट्रोपोनिनपैकी एक) मोजण्याची पद्धत मांडली. २००० मध्ये युरोप-अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी अटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती बांधली. निरोगी लोकांपैकी ९९ टक्के ज्या पातळीच्या आत असतात, ती मर्यादा ठरली. हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडं प्रमाणही पकडणाऱ्या, ट्रोपोनिन टी चाचणीसाठी ती लिटरला १४ नॅनोग्रॅम आहे.

इतकं बारीक मोजता येऊ लागल्यावर डायलिसिसवरचे, सेप्सिसचे (जंतुसंसर्ग शरीरभर भिनलेले), डेंगीत हृदयाला सूज आलेले रुग्णही या मर्यादेच्या वर दिसू लागले. म्हणून अटॅकच्या २०१८ च्या चौथ्या व्याख्येने हृदयस्नायूची इजा आणि अटॅक वेगळे काढले. अटॅक म्हणायला आकडा चढता किंवा उतरता हवा, आणि सोबत रक्तपुरवठा तुटल्याची खूण: लक्षणं, ईसीजीतला बदल, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसलेला दोष. डायलिसिसच्या रुग्णाचा आकडा ६२ आणि तीन तासांनी ६३, हे बहुधा जुनंच दुखणं. ९ वरून ३१ झाला, तर मात्र रुग्णाला घरी सोडू नये, पहिला आकडा नॉर्मल असला तरी.

आमच्या मते सगळ्यात जास्त घोळ एककांचा होतो. भोर-सासवडहून आलेल्या चिठ्ठीवर ०.०४ असतं, इथल्या रिपोर्टवर ३८. हजारपट उडी वाटते. पण मिलिलिटरला ०.०४ नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरला ४०. त्यातही एक ट्रोपोनिन आय आणि दुसरं टी असेल, किंवा आय दोन कंपन्यांच्या किटवरचं असेल, तर त्यांची वजाबाकी करताच येत नाही. इथे पुन्हा दोन नमुने घ्यावेत, एकाच मशीनवर.

ट्रोप-टी कार्डावर (रक्ताचा थेंब टाकून जागेवरच करायच्या चाचणीवर) रेघ उमटायला बरंच जास्त ट्रोपोनिन लागतं. दुखणं सुरू होऊन दोन तास झालेले असताना आलेलं 'निगेटिव्ह' धरू नये. म्हणून फॉर्मवर दोन वेळा लिहाव्यात: दुखणं सुरू झाल्याची आणि रक्त काढल्याची. ईसीजी दहा मिनिटांत व्हायला हवा, आणि त्यात एसटी हा आलेखाचा भाग वर गेलेला दिसला तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्ण थेट कॅथलॅबला, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीच्या खोलीत, न्यावा.