कलेजीवरचं लिंबू

कोल्हापुरात मटणाचं ताट समोर आलं की तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आधी माझी नजर लिंबाची फोड शोधते. परवा रविवारी ती कलेजीवर पिळताना हसू आलं. ज्या बोकडाची ही कलेजी, त्याचं जन्मभर लिंबावाचून कधी अडलं नव्हतं. क जीवनसत्त्वाचा त्याचा कारखाना याच कलेजीत, म्हणजे यकृतात होता. ग्लुकोजपासून टप्प्याटप्प्याने ते तिथेच तयार व्हायचं. गाय, कुत्रा, मांजर, उंदीर सगळ्यांचं हेच. आपल्याला मात्र ते बाहेरून खावं लागतं. तेही उकळत्या रश्श्यात बरंचसं नासतं, म्हणून वरून लिंबू.

खरी गंमत पुढे आहे. शेवटच्या टप्प्याला लागणारं विकर ज्या जनुकातून बनतं, ते जनुक आपल्याकडेही आहे! 8व्या गुणसूत्रावर. पण मोडकं: मधले बरेच तुकडे गळालेले, उरलेल्यात चुका. शाहू मिल बंद पडली तरी चिमणी उभी राहिली, तसं. आता माणूस पहिल्यापासून वेगळा घडला असेल, तर न चालणारं यंत्र त्याच्यात बसवलं कुणी आणि कशाला?

चिंपांझी, ओरांगउटान आणि माकडांमध्येही हे जनुक बंदच आहे, आणि मोडण्याच्या खुणाही आपल्याशी जुळतात. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक इथे लगेच कान टवकारतील. हाताने नक्कल करणारा लेखक शेवटी लिहून मोकळा व्हायचा: ‘यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते’. शुद्ध असो की अशुद्ध, दोष माझा नाही. पुढच्या नकलेत ती चूक तशीच उतरायची. शुद्ध मजकूर सगळ्याच पोथ्यांत सारखा असतो, त्यावरून काही कळत नाही. दोन पोथ्यांत एकाच ओळीत तेच अक्षर गळालेलं दिसलं, की त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असं अभ्यासक धरतात. माणूस आणि माकडं एकाच पूर्वजापासून उतरली, याचा मला तर जीवाश्मांपेक्षाही हा पुरावा जास्त पटतो.

गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही. पण त्याचं जनुक वेगळ्या तऱ्हेने मोडलंय. तो अपघात त्याच्या घराण्यात स्वतंत्रपणे झाला. उलट लोरिस हा झाडांवर राहणारा छोटा प्राणी, आपला दूरचा नातलग, अजून ते स्वतः बनवतो. म्हणजे आपल्याकडची मोडतोड झाली ती लोरिसची शाखा फुटल्यानंतर, अंदाजे 6 कोटी वर्षांपूर्वी.

तेव्हाचे पूर्वज झाडांवर राहून फळं-पाला खाणारे. जनुक मोडलं तरी कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढे, महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांचं: हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा पुन्हा उघडलेल्या. 1747 साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टराने अशा 12 आजाऱ्यांच्या जोड्या पाडून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला रोज 2 संत्री आणि 1 लिंबू. त्यातला एकजण 6 दिवसांत कामावर उभा राहिला.