कोटा घसरतो आणि शहाबाद घसरत नाही, हे कोणी सांगितलं?

फार्महाऊसच्या स्विमिंग पूलभोवती किंवा बंगल्यापुढच्या अंगणात कोणती फरशी घालायची, असा विषय निघाला की कोणीतरी छातीठोकपणे सांगतंच, "कोटा नको हो, घसरतो. सरळ शहाबाद टाका." ऐकून ऐकून कान किटले.

शहाबादी फरशी कुणाला समजावून सांगायला नको. वाड्याचं अंगण, देवळाची ओसरी, शाळेचा व्हरांडा, सगळीकडे तीच. ती येते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, आणि कोटा येतो राजस्थानातल्या रामगंजमंडीच्या बाजूने. दोन्ही चुनखडकच. थराथरांनी सुटतात म्हणून त्यांच्या फरश्या होतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे असे थर सुटत नाहीत. रंग आवडीचा प्रश्न आहे, भाव दुकानात कळेल. रफ, म्हणजे न घोटलेल्या शहाबादची जाडी कमीजास्त असते, त्यामुळे खाली सिमेंट-वाळूचा माल जास्त जातो, एवढं मिस्त्रीशी आधी बोलून घ्या.

आता घसरण्याचं. आपण पाहिलेला कोटा बहुतेक घरातला असतो. तो बसवल्यावर त्यावर पाणी सोडत मशीन फिरवतात. आधी जाड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक. खोलीभर पांढरट चिखल होतो आणि शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर टाकून चकाकी आणतात. शहाबाद मात्र आपण पाहिलेली असते ती खाणीतून निघाली तशी, खडबडीत. म्हणजे लोक तुलना करतात ती घोटलेल्या फरशीची आणि न घोटलेल्या फरशीची, आणि दोष देतात राजस्थानला! शहाबाद घोटून घ्या, ओल्या पायाखाली तीही तशीच सटकेल. कोटा रफ घ्या, पाय नीट धरेल. त्यामुळे दुकानात नुसतं "कोटा द्या" किंवा "शहाबाद द्या" म्हणू नका, रफ की पॉलिश ते आधी सांगा. मिस्त्रीलाही बजावून ठेवा, कारण "थोडं मशीन मारून देतो साहेब, छान दिसेल" हे वाक्य येणारच. उघड्यावर ती चकाकी ऊन-पावसात तशीही टिकत नाही. खात्री हवी असेल तर तुकडा मागून घ्या, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि अनवाणी पाय ठेवून बघा. रफ फरशीवर पावसाळ्यात शेवाळ धरलं तर तीही घसरते; ती घासायलाच लागते, त्याला दगड बदलून उपाय नाही.

अ‍ॅसिडच्या बाबतीत दोघी सारख्याच नाजूक. सिमेंटचे डाग काढायला कामगार सर्रास अ‍ॅसिड मारतात. चुनखडकावर ते फसफसतं आणि वरचा थर खाऊन पांढुरके चट्टे ठेवतं. असं अ‍ॅसिडचं कॅन घेऊन कोणी अंगणात आला की मला त्याला फाटकाबाहेर काढावंसं वाटतं.

म्हणूनच पूलच्या अगदी काठाला मी या दोन्हींपैकी काहीच घालणार नाही. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण 7.2 ते 7.8 मध्ये राखावा लागतो आणि तो खाली आणायला बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच वापरतात. ते ओतताना काठावर सांडतंच. तिथे फ्लेम फिनिशचा, म्हणजे आगीच्या झोताने खडबडीत केलेला, फिकट रंगाचा ग्रॅनाइट घ्या आणि कड गोल करून घ्या. कडाप्पा सुचवणाऱ्याला एप्रिलच्या दुपारी त्या काळ्या दगडावर अनवाणी उभं करा. बाकी सगळ्या डेकला, म्हणजे पूलभोवतीच्या जागेला, रफ कोटा किंवा रफ शहाबाद खुशाल घाला. माझं मत कोट्याला, कारण पुढे फरश्या बदलायची वेळ आली तर मापात मिळतो.

डेकचा उतार मात्र पूलच्या उलट दिशेला, बाहेरच्या बाजूला हवा. तिथे जाळीचं गटार काढा. बाथरूमच्या सवयीने मिस्त्री उतार पाण्याकडेच देतो, आणि मग पहिल्याच वळवात अंगणातली सगळी माती पूलमध्ये.