पार्श्वभूमी : गाणे लावले कोणी?

संगीताने ताण हलका होतो, कामाला वेग येतो, झोप लवकर लागते, अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. त्यांत एक तपशील बहुधा सापडत नाही. ऐकणाऱ्याने ते संगीत स्वतः लावले होते, की दुसऱ्या कोणी लावले आणि ते त्याच्या कानावर पडले? या विषयावरचे गेल्या शंभर वर्षांतले बरेचसे वाद याच प्रश्नापाशी येऊन अडतात.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपतो. ग्रीक तत्त्वज्ञांनी तरुणांच्या कानी कोणते सूर पडू नयेत याची चर्चा केली, आपल्याकडे रागांना प्रहर ठरले. परिणाम होतो, हे सगळ्यांनी धरूनच चालले होते. पण गाणारा-वाजवणारा समोर असल्याशिवाय ऐकणे नव्हतेच. १८७७ मध्ये ध्वनिमुद्रण आले आणि पुढच्या काही दशकांत तबकड्या घराघरांत पोचल्या. १९२०च्या सुमारास अमेरिकेत ग्रामोफोन विकणाऱ्या एका कंपनीने मानसशास्त्रज्ञांना हाताशी धरून ग्राहकांकडून तक्ते भरून घेतले : तबकडी ऐकण्याआधी मन कसे होते, ऐकल्यावर कसे झाले. माल खपवण्याची ती क्लृप्ती होती, यात शंका नाही. तरी प्रयोगशाळेबाहेर, दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला असे कोणी प्रथमच विचारत होते.

पुढची पायरी कारखान्यांची. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये, ब्रिटनच्या रेडिओने खास कामगारांसाठी संगीताचा कार्यक्रम सुरू केला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. हेतू सरळ होता. कंटाळवाण्या, त्याच त्या कामात मन टिकावे आणि उत्पादन घटू नये. काय वाजवायचे याचे नियमही ठरले. फार संथ नको, आवाजात फार चढउतार नकोत, कारण यंत्रांच्या खडखडाटात हळू सूर बुडून जातात. टाळ्यांचा ठेका असलेले एक लोकप्रिय गाणे तर वगळावे लागले; कामगार हातातल्या हत्यारांनी ठेका धरू लागले होते. परिणाम हवा होता, पण मालकाला सोसेल तेवढाच.

अमेरिकेत याच सुमारास तारेवरून कचेऱ्यांना संगीत पुरवण्याचा धंदा जोर धरू लागला होता. तिथे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडले गेले. प्रत्येक तुकड्यात गाण्यांचा जोम हळूहळू वाढत जाई, मग तेवढाच वेळ शांतता. सकाळी मधल्या वेळी आणि दुपारच्या जेवणानंतर कामगार जिथे मरगळतो, तिथे जोमदार तुकडे योजले जात. या संगीताकडे कोणी लक्ष देऊन ऐकू नये, हीच त्याची अट होती.

या सगळ्याला कायद्याच्या पातळीवर आव्हान मिळाले ते वॉशिंग्टनच्या बस आणि ट्राममध्ये. हे प्रकरण आज फारसे कोणाला आठवत नाही, पण माझ्या मते या इतिहासातला खरा पेच तिथेच आहे.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या वाहतूक कंपनीने गाड्यांमध्ये लाउडस्पीकर बसवले. रेडिओचा जो कार्यक्रम त्यांवरून ऐकू येई, त्यात साधारण ९० टक्के संगीत, ५ टक्के घोषणा आणि ५ टक्के जाहिराती असत. दोन प्रवाशांनी हरकत घेतली. नियामक आयोगापुढे प्रवाशांच्या चाचणीचे आकडे आले : ७६.३ टक्के बाजूने, १३.९ टक्क्यांना काही फरक पडत नव्हता, ३.२ टक्क्यांना सांगता येत नव्हते आणि ६.६ टक्के विरोधात. या विरोधकांपैकीही निम्म्याहून थोडे अधिक लोक बहुमताच्या आड यायला तयार नव्हते. ठाम विरोधक उरले सुमारे ३ टक्के. आयोगाने गाणी चालू ठेवली. वरच्या न्यायालयाने १९५१ मध्ये प्रवाशांच्या बाजूने कौल दिला. आणि मे १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला : घरात जो एकांत मिळतो, तसाच सार्वजनिक वाहनात मिळेल अशी हमी राज्यघटना देत नाही.

एका न्यायाधीशांचे पूर्ण मतभेदाचे टिपण गाजले. बसमधला माणूस तिथे हौसेने बसलेला नसतो, गरजेपोटी बसलेला असतो. त्याला उठून जाता येत नाही, म्हणजे तो बांधलेला श्रोता आहे, असा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या एका न्यायाधीशांना संगीत चालत होते; बातम्या आणि प्रचार नको होता. तिसऱ्यांनी तर सुनावणीतूनच अंग काढून घेतले. कारण असे दिले, की या प्रथेचे आपण स्वतःच बळी आहोत आणि आपल्या भावना इतक्या तीव्र आहेत, की निकालात भाग न घेतलेलाच बरा. देशाच्या सर्वोच्च न्यायालयातला माणूस बसमधल्या गाण्यांनी इतका वैतागलेला असावा, हाही एक पुरावाच म्हणायचा. तो मात्र नोंदीत मोजला गेला नाही.

निकाल चुकला असे म्हणणे सोपे आहे. ३ टक्क्यांसाठी बाकीच्यांची करमणूक बंद करायची का, हा प्रश्न काही खोटा नव्हता. पण त्या आकड्यांवरून हरकत किती जणांची आहे एवढेच कळत होते. न निवडलेले संगीत रोज जाता-येता ऐकून माणसाचे काय होते, याचे उत्तर त्यांत नव्हते. बसमधला तो रेडिओ पुढे काही वर्षांतच बंद पडला; निकाल मात्र राहिला. १९६९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेने पॅरिसमध्ये ठराव करून शांततेचा हक्क मागितला. ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. दुकाने, लिफ्ट, फोनवरची प्रतीक्षा, सगळीकडे गाणी वाजतच राहिली.

आणि ती वाजत राहण्याला कारणही मिळत गेले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संथ संगीत लावलेल्या दिवशी सुपरमार्केटमधले ग्राहक हळू चालले आणि विक्री द्रुत संगीताच्या दिवसांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त झाली. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रेंच धून लावली की फ्रेंच वाइन अधिक खपे, जर्मन लावली की जर्मन. विचारल्यावर बहुतेक ग्राहकांनी संगीताचा काही संबंध नाही असेच सांगितले.

दरम्यान १९७९ मध्ये वॉकमन आला होता. माणूस आपले गाणे आपल्या कानात घेऊन त्याच बसमध्ये बसू लागला. अभ्यासकांचे लक्ष इकडे वळायला मात्र वेळ लागला. १९९३ नंतरची बरीच वर्षे मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते का, या वादात गेली. मूळ प्रयोग ३६ विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी सोडवायला देण्याचा, ऐकणे दहा मिनिटांचे आणि परिणामही पंधरा मिनिटांत ओसरणारा. त्यावरून नवजात बाळांना ध्वनिफिती वाटण्यापर्यंत मजल गेली. पुढे दिसले ते एवढेच, की मन उल्हसित आणि जागे असेल तर असली कोडी थोडी बरी सुटतात, मग कारण मोझार्ट असो वा दुसरे काही.

जास्त कामाचे निष्कर्ष साध्या पद्धतीने मिळाले. २००१ मधल्या एका छोट्या अभ्यासात माणसांना दिवसातून अधूनमधून पेजरवर विचारले गेले, आत्ता काय ऐकताय, कसे वाटतेय. २००४ मध्ये ३४६ जणांना चौदा दिवस मोबाइलवर संदेश पाठवून असेच विचारले. सुमारे ३९ टक्के वेळा आसपास संगीत होते. पहिल्या अभ्यासात स्वतःच्या निवडीचा वाटा जितका जास्त, तितका मनःस्थितीतला बदल मोठा दिसला. २०११ मध्ये मेंदूतल्या डोपामिन या आनंदाशी जोडलेल्या रसायनाचे स्रवणे संगीताशी जोडून दाखवणाऱ्या प्रयोगातही ऐकणाऱ्यांनी अंगावर काटा आणणारी आपापली गाणी बरोबर आणली होती.

शस्त्रक्रियेचे चित्र मात्र याला छेद देते. २०१५ मध्ये सत्तरहून अधिक चाचण्या आणि सुमारे ७००० रुग्णांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा संगीताने वेदना आणि चिंता कमी झालेली दिसली. ते रुग्णाने निवडले की डॉक्टरांनी, याने फारसा फरक पडला नव्हता. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांनाही थोडा फायदा झाला. आजारी, घाबरलेला माणूस आणि बसमधला माणूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही, एवढेच यावर म्हणता येईल.

आता गाणी फोनवरून वाहतात. पहिले गाणे आपण लावतो, दहावे यंत्रणा लावते. झोपेची, अभ्यासाची, व्यायामाची यादी आयती तयार असते. कायदे आणि मानके अजून बहुतांशी आवाजाच्या पातळीपुरतीच बोलतात. सुरक्षित ऐकण्याचे २०१९ चे जागतिक मानक प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा धरते आणि उपकरणाने त्याची नोंद ठेवावी असे सांगते. कोणते गाणे कोणी निवडले, याची नोंद कंपन्यांकडे असते, पण ती कोणत्याही मानकाचा भाग नाही.