पॉवर आली की पोरगं बिघडतं, म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं?

मध्यंतरी भाच्यासोबत 'क्रॉनिकल' परत बघितला. २०१२ चा पिक्चर, दिग्दर्शक जॉश ट्रँक, सिॲटलमधली हायस्कूलची तीन पोरं एका पार्टीच्या रात्री जमिनीतल्या भोकात उतरतात, तिथे काहीतरी चमकणारं विचित्र सापडतं आणि नंतर हात न लावता वस्तू हलवायची ताकद येते. पिक्चर संपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे पॉवर मिळाली की माणूस बिघडतोच ना?" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो, कारण पिक्चर हे सांगतच नाही आणि विज्ञानही सांगत नाही.

नीट बघा. ताकद तिघांना एकाच ठिकाणी, एकाच रात्री मिळते. स्टीव्ह शाळेत सगळ्यांचा लाडका, तो ताकद आल्यावर जास्तच खुलतो. मॅट घाबरतो आणि नियम करतो, जिवंत गोष्टीवर वापरायची नाही, रागात वापरायची नाही, चारचौघांत वापरायची नाही. आणि अँड्र्यू, ज्याची आई घरात शेवटच्या आजारपणात, बाप दारू पिऊन मारणारा, शाळेत रोजचा छळ, तो एका कोळ्याचे तुकडे करण्यापासून सुरू होतो आणि माणसांपर्यंत पोचतो. डोस सारखा आणि परिणाम तीन वेगळे, मग दोष एकट्या डोसचा कसा?

आधी वयाचं बघू. टीनएजरच्या मेंदूत बक्षिसाची यंत्रणा, म्हणजे व्हेंट्रल स्ट्रायटम वगैरे भाग, ऐन जोरात असतो आणि कपाळामागचा प्रिफ्रंटल कॉर्टेक्स, जो थांब म्हणतो, परिणामांचा हिशोब करतो, त्याच्या तारांवर मायेलिनचं आवरण चढायचं काम विशीतही चालूच असतं. (पंचवीसाव्या वाढदिवशी मेंदू पूर्ण होतो असं जे फिरत असतं ते खरं नाही, असा काही स्विच नसतो, हळूहळू होत जातं.) आणि इथे दोस्तांचा मोठा हात असतो. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना गाडी चालवायचा एक कॉम्प्युटर गेम दिला, पिवळा दिवा लागल्यावर जेवढं पुढे जाल तेवढे पॉइंट जास्त, पण भिंत आडवी आली की सगळं गेलं. एकटी असताना १३ ते १६ ची पोरं मोठ्यांएवढीच जपून खेळली. बरोबरचे दोन दोस्त बघायला उभे केले की पोरांनी जास्त धोका पत्करला, चोविशीच्या पुढच्यांना मात्र फरक पडला नाही. पिक्चरमधले पार्किंग लॉटमधले चाळे आठवा, एकाने काहीतरी उडवायचं, दुसऱ्याने हसायचं, मग तिसऱ्याने त्याच्या वरताण करायची, अगदी हेच.

या बक्षिसाच्या यंत्रणेला डोपामाइन हे रसायन पुरवणाऱ्या पेशी असतात मिडब्रेनमध्ये, म्हणजे मेंदूच्या मधल्या भागात, आणि मिडब्रेनचं नाव निघालंच आहे तर बोलतोच. आपल्याकडे सुट्टीत मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे, म्हणजे मुलाचा बंद मिडब्रेन चालू करून देतो म्हणणारे, क्लास निघतात, मुलं डोळ्यावर पट्टी बांधून वाचतात, रंग ओळखतात, आणि आईबाप हजारो रुपये भरतात. मिडब्रेन बंद असता तर पोराला डोळेसुद्धा धड हलवता आले नसते, तो जन्मापासून चालूच असतो. मुलं वाचतात ती नाकाच्या बाजूला पट्टीखाली राहिलेल्या फटीतून, फट बुजवली की विद्या जाते, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी लोकांसमोर करून दाखवलंय. मला राग याचा येतो की आपल्याकडे काही नाहीये हे त्या मुलाला पक्कं माहीत असतं, आणि आईबाबांच्या कौतुकासाठी त्याला आठव्या-नवव्या वर्षी खोटं निभवावं लागतं. हात न लावता वस्तू हलवायचंही तसंच, असले दावे उघडे पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी तपासलेल्या प्रयोगात अशी शक्ती दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर ठेवले होते, ते कोणालाच जिंकता आले नाहीत.

आता माझ्या आवडीचा भाग, जरा सावकाश वाचा. ताकद हातात आल्यावर समोरच्या माणसाबद्दलची जाणीव बोथट होते का, हे मोजायचं कसं? कॅनडात होगेव्हीन, इन्झ्लिक्ट आणि ओभी यांनी २०१४ मध्ये त्यासाठी टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, वापरलं. यात तांब्याच्या तारेची कॉइल डोक्यावर धरतात आणि तिच्यातून क्षणभर प्रचंड करंट सोडतात. दहावीतलं फॅरेडेचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन आठवा, चुंबकीय क्षेत्र झटक्यात बदललं की जवळच्या वाहकात करंट तयार होतो, आणि इथे तो वाहक म्हणजे तुमचा मेंदू. सुई नाही, कवटीला भोक नाही. कॉइल मोटर कॉर्टेक्सच्या, म्हणजे स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पट्ट्याच्या, हाताच्या भागावर आली की विरुद्ध बाजूच्या हाताचा स्नायू टचकन उडतो, तुम्ही काही ठरवलेलं नसताना! त्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवलेले असतात, त्यामुळे तो किती उडाला ते व्होल्टेजमध्ये मोजता येतं.

खरी गंमत पुढे आहे. तुम्ही गप्प बसलाय आणि स्क्रीनवर दुसऱ्या कुणाचा हात रबरी बॉल दाबतोय असं नुसतं बघताय, तरी तेवढ्याच झटक्याला तुमचा स्नायू जास्त उडतो. कारण बघता बघता तुमच्या मोटर कॉर्टेक्समधले न्यूरॉन आधीच पेटण्याच्या उंबरठ्याजवळ येऊन थांबलेले असतात, वरून आलेला झटका मग जास्त न्यूरॉनना पलीकडे ढकलतो, म्हणजे दुसऱ्याची हालचाल तुमच्या मेंदूत दबक्या आवाजात वाजत असते. याला मोटर रेझोनन्स म्हणतात. या लोकांनी काय केलं, काहींना आधी असा प्रसंग लिहायला लावला जिथे त्यांची दुसऱ्यावर सत्ता होती, काहींना असा जिथे दुसऱ्याची सत्ता त्यांच्यावर होती, आणि मग हा बॉलचा व्हिडिओ दाखवून स्नायू मोजला. सत्ता आठवलेल्यांमध्ये ही वाढ कमी निघाली. नुसती आठवण काढून, तीसुद्धा काही मिनिटांची! मोटर रेझोनन्स म्हणजे अख्खी सहानुभूती नव्हे हे मान्य, प्रयोगातली माणसंही थोडी होती, आणि सत्तेच्या मानसशास्त्रातले काही गाजलेले प्रयोग नंतर टिकले नाहीत, पॉवर पोझमुळे, म्हणजे छाती काढून ऐटीत उभं राहिल्यामुळे, हार्मोन बदलतात हा दावा मोठ्या प्रयोगात पडला, त्यामुळे यावर मोठे इमले बांधू नका. पण ट्रकवाला हॉर्न मारत मागे लागतो आणि अँड्र्यू नुसता हात हलवून त्याला रस्त्यावरून खाली ढकलतो तो सीन मला त्यानंतर वेगळाच दिसायला लागला. धक्का मारायला स्नायू लागला असता तर समोरचा जडपणा हाताला कळला असता, इथे हाताला काहीच कळत नाही.

मग मॅट का नाही बिघडला? योगायोगाने २०१२ मध्येच कॅथरीन डीसेल्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. नीती ही ज्यांच्यासाठी स्वतःच्या ओळखीचा भाग होती ते सत्ता मिळाल्यावर कमी स्वार्थी वागले, ज्यांच्यासाठी नव्हती ते जास्त. आणि २०१३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये तर ६० जणांना व्हर्च्युअल रिॲलिटीत चक्क उडायला दिलं. काहींना सुपरहिरोसारखं स्वतः, बाकीच्यांना हेलिकॉप्टरमध्ये बसून, आणि काम निम्म्यांना असं की इन्सुलिनची गरज असलेलं डायबेटिस झालेलं पोर शहरात शोधायचं, उरलेल्यांनी नुसतं शहर बघत फिरायचं. हेडसेट काढल्यावर प्रयोग करणारी बाई चुकल्यासारखं दाखवून पेनांचा कप सांडते. स्वतः उडालेले लोक पेनं उचलायला जास्त लवकर धावले! म्हणजे ताकदीने माणसं चांगलीही वागली, फरक त्या थोड्या वेळात ताकदीसोबत गोष्ट कोणती मिळाली याचा असावा असं मला वाटतं. अँड्र्यूला मिळालेली गोष्ट वेगळी होती, ती त्याने स्वतःच जुळवली, की शिकारी प्राण्यांत आपण सगळ्यात वरचे आणि सिंहाला हरणाबद्दल वाईट वाटत नाही.

अजून एक छोटा प्रयोग सांगायचा राहिला. गॅलिन्स्की आणि मंडळींनी २००६ मध्ये लोकांना स्वतःच्या कपाळावर इंग्रजी ई काढायला सांगितलं होतं. सत्तेचा प्रसंग लिहून आलेल्यांपैकी ३३ टक्क्यांनी तो स्वतःला सरळ वाचता येईल असा काढला, म्हणजे समोरच्याला उलटा, आणि सत्ता नसलेल्यांपैकी १२ टक्क्यांनीच. हे वाचून मी पिक्चर पुन्हा लावला आणि फक्त कॅमेऱ्याकडे बघत बसलो. अख्खा पिक्चर पात्रांच्या आणि आजूबाजूच्या कॅमेऱ्यांतून दिसतो. सुरुवातीला कॅमेरा अँड्र्यूच्या हातात आहे, तो दुसऱ्यांना शूट करतोय, स्वतः क्वचित दिसतो. ताकद वाढते तसा तो कॅमेरा हवेत सोडून देतो, मनाने फिरवतो, आणि त्या कोळ्याच्या सीनपर्यंत आलो तेव्हा कॅमेरा वळून त्याच्याकडेच बघत होता, फ्रेममध्ये तो एकटा.