पुण्यात आयटीला प्रवेश: पर्सेंटाइल बघाच, पण दाखल्यावरची तारीखही बघा

बारावीचं वर्ष लागलं की घरात एकच विषय असतो: सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, किती पर्सेंटाइल पडणार. गेली काही वर्षं सोसायटीतल्या मुलांचे फॉर्म भरून देताना मला मात्र वेगळंच दिसत आलं आहे. गुण कमी पडले म्हणून हुकलेली जागा घरचे पचवतात. नॉन-क्रीमीलेअरची, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर उन्नत गटात मोडत नाही असं सांगणाऱ्या दाखल्याची, मुदत संपली होती म्हणून हुकलेली जागा दिवाळीपर्यंत जेवणाच्या ताटावर येत राहते. त्यामुळे हा लेख अभ्यासापेक्षा कागदांबद्दल जास्त आहे.

पुण्यात कुणी ‘आयटी करायचंय’ म्हणालं, तर त्याचे निदान तीन अर्थ होतात. एक, अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी, म्हणजे बीई किंवा बीटेक. दोन, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, ज्याला इथे सगळे ‘बीसीएस’ म्हणतात. (मुंबईकडे ‘बीएस्सी आयटी’ जितक्या सहज कानावर पडतं, तितकं इथे पडत नाही.) तीन, बीसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सची पदवी. तिन्हींचे दरवाजे वेगळे आहेत. पहिल्याला गर्दी सर्वांत जास्त आणि किचकटपणाही तिथेच, म्हणून आधी तेच घेऊ.

पात्रता

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा नियमांतल्या यादीतला दुसरा एखादा चालतो. कॉम्प्युटर सायन्स त्या यादीत आहे. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) व दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के लागतात. एकूण टक्केवारी कितीही असो, मोजायचे आहेत हे तीन विषय. बायफोकल, म्हणजे व्यवसायविषय म्हणून कॉम्प्युटर घेतलेली मुलं इथे हमखास गोंधळतात. पात्रतेत रसायनशास्त्राला पर्याय असला, तरी पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाच्या सीईटीत त्याचे पन्नास प्रश्न असतातच.

त्या परीक्षेत एकूण १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. भौतिक-रसायनचा प्रत्येक प्रश्न एका गुणाचा आणि गणिताचा दोन गुणांचा, म्हणजे निम्मी परीक्षा गणिताचीच झाली. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचं कारण नाही. साधारण वीस टक्के भाग अकरावीचा असतो. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्यामुळे निकाल थेट गुणांत न येता पर्सेंटाइलमध्ये येतो.

सीईटीचा अर्ज आणि प्रवेशाचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दरवर्षी कुणाला तरी नव्याने सांगावं लागतं. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशप्रक्रियेत नाव गेलं असं होत नाही. निकालानंतर सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, स्वतंत्र नोंदणी करावी लागते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतल्या अखिल भारतीय जागा जेईई मेनच्या गुणांवर भरतात. त्यांच्यासाठीही नोंदणी इथेच होते.

दाखले

नोंदणीत पहिला प्रश्न येतो तो उमेदवारीच्या प्रकाराचा. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय जन्म महाराष्ट्रातला किंवा हातात डोमिसाइल (राज्यातल्या अधिवासाचा दाखला), तर तुम्ही ‘ए’ प्रकारात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ महाराष्ट्रातलं लिहिलेलं असेल, तर डोमिसाइलसाठी धावपळ करायची गरज बऱ्याचदा पडत नाही. हिंजवडीत नोकरी लागली म्हणून इंदूरहून किंवा हैदराबादहून इथे आलेल्या घरांतल्या मुलांचं मात्र डोमिसाइलवाचून अडतं. केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळे प्रकार आहेत. बेळगाव-निपाणीकडच्या सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठी ‘ई’ प्रकार आहे. ही सोय तिकडच्या पाहुण्यांना आवर्जून कळवा, अनेकांच्या ती गावीही नसते.

डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर हे सगळं ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू आणि महा ई-सेवा केंद्रातून मिळतं. निकाल लागल्यावर तिथे काय गर्दी उसळते ते एकदा पाहिलेला माणूस पुढच्या वेळी दिवाळीच्या सुट्टीतच अर्ज टाकून मोकळा होतो.

नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग), विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग या सगळ्यांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. त्याची मुदत प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत असायला हवी. म्हणजे २०२६-२७ ला प्रवेश घेत असाल, तर दाखला ३१ मार्च २०२७ पर्यंत चालणारा हवा. माझ्या एका शेजाऱ्यांकडे दाखला होता, खरा होता, लॅमिनेटही केलेला होता. फक्त त्याची मुदत त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संपली होती. कपाटातला दाखला आत्ताच काढून तारीख वाचा.

जात पडताळणी, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीकडून प्रमाणपत्र घेणं, हा यातला सर्वांत लांबणारा मामला. अर्ज ऑनलाइन भरायचा, महाविद्यालयाचं पत्र आणि वंशावळीचं शपथपत्र जोडायचं आणि प्रत जिल्हा समितीकडे द्यायची. पुणे जिल्ह्याची समिती विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात बसते. पण जातीचा दाखला लातूरहून किंवा साताऱ्याहून काढलेला असेल, तर पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते. पुण्यात वीस वर्षं राहिलात तरी त्यात फरक पडत नाही. जुन्या पुराव्याची तारीख प्रवर्गानुसार बदलते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीची नोंद आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात किंवा गावच्या कोतवाल बुकात (जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) सापडते. ती शोधायला गावी दोन-तीन खेपा होतात, त्यामुळे अकरावीतच हात घाला. प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्जाच्या पोचपावतीवर तात्पुरता प्रवेश देतात आणि मुदतवाढही मिळत आली आहे. पण त्या भरवशावर राहू नका. मुदतीत कागद आला नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो.

ईडब्ल्यूएस दाखल्याचे दोन नमुने असतात, राज्याचा आणि केंद्राचा. कॅपला राज्याचा लागतो. केंद्रावरचा माणूस घाईत दुसराच काढून देतो, तेव्हा आधी सांगून ठेवा.

उरलेले कागद सोपे आहेत: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचं स्कोअरकार्ड, आधार. आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, एवढ्याशा गोष्टीवर पुढे शिष्यवृत्ती अडते.

कागद अपलोड झाले की त्यांची छाननी ऑनलाइन होते किंवा सुविधा केंद्रावर जाऊन करून घेता येते. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्यात प्रवर्ग, लिंग, गुण तपासा आणि काही चुकलं असेल तर हरकतीच्या दोन-तीन दिवसांतच सांगा. अंतिम यादी लागल्यावर फारसं काही हातात उरत नाही.

पसंतीक्रम

इथे पूर्वीचे सल्ले चालत नाहीत. २०२५-२६ पासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली, तर ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पसंतींना लागू होतं आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. चौथीत मिळेल ती जागा अंतिम. पहिल्या तीन फेऱ्यांत या क्रमांकांच्या खालची पसंती मिळाली तर हजार रुपये भरून ती स्वीकारायची आणि ‘बेटरमेंट’ निवडून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायांची वाट बघायची. वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही.

म्हणून यादीतल्या पहिल्या सहा ओळींवर घरात खरंच भांडा. धनकवडीचं पीआयसीटी, बिबवेवाडीचं व्हीआयटी, निगडीचं पीसीसीओई ही नावं आयटीसाठी बहुतेक याद्यांत वर असतात. १८५४ साली सुरू झालेल्या आणि २०२२ मध्ये विद्यापीठ झालेल्या सीओईपीतल्या कॉम्प्युटर सायन्सचं स्वप्नही अनेकजण सगळ्यात वर लिहितात. त्याने काही बिघडत नाही. वर अवघड पर्याय लिहिल्याने खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही. ‘पहिलं नाव मिळण्यासारखंच लिहायचं असतं’ असं सांगणारा काका प्रत्येक घरात असतो, त्याचं ऐकू नका. मागच्या वर्षीचे फेरीनिहाय कटऑफ संकेतस्थळावर असतात, ते बघून खाली सुरक्षित नावं घाला. आयटी आणि कॉम्प्युटरमध्ये मी तरी फार फरक करणार नाही; चांगल्या महाविद्यालयातली आयटी दुय्यम ठिकाणच्या कॉम्प्युटरपेक्षा बरी.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची योजना, विसरू नका. मंजूर जागांच्या पाच टक्के जादा जागा, शिक्षण शुल्क माफ, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. तिचा कोड वेगळा असतो आणि शेवटी ‘टी’ येतो. तो कोड पसंतीक्रमात स्वतंत्र लिहिला नाही, तर उत्पन्नाचा दाखला असूनही जागा मिळत नाही.

फी आणि इतर वाटा

कॅपमधून प्रवेश घेतलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आणि तो दरवर्षी भरायचा असतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी आणि अभिमत विद्यापीठांत प्रवेश घेतला तर या सवलती मिळत नाहीत. फीचा आकडा बघताना हे गणित मांडूनच बघा. कोट्याच्या जागेसाठी ‘डोनेशन’ मागणाऱ्याला १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्यांना सीईटी द्यावी लागत नाही. पदविकेच्या टक्केवारीवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्याची प्रक्रिया वेगळी चालते.

बीसीएससाठी विज्ञान शाखेतून गणितासह बारावी लागते आणि प्रवेश महाविद्यालयाच्या पातळीवर होतो. फर्ग्युसन आणि मॉडर्नसारख्या ठिकाणी बारावीच्या निकालानंतर अर्जाची खिडकी थोडेच दिवस उघडी असते. बीसीएचं चित्र २०२४ मध्ये बदललं: हा अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्याने त्याला सीईटी लावली. पहिल्या वर्षी ते अनेकांना कळलंच नाही, जादा परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. त्यामुळे माहितीपुस्तिकेत पदवीचं पूर्ण नाव वाचा आणि तिला सीईटी आहे की नाही ते कार्यालयात थेट विचारा. कोणत्याही शाखेच्या बारावीवर बीसीए करता येतं, पण सीईटीचा अर्ज बारावीची परीक्षा चालू असतानाच भरायचा असतो.